फोटोंची पेटी मागवली आहे

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, न विचारता मागवली म्हणून रागावू नका. सिनॉलॉजी कंपनीची, घरच्या नेटवर्कवर फोटो साठवणारी दोन कप्प्यांची पेटी आणि सीगेट आयर्नवुल्फच्या ४ टीबीच्या दोन डिस्क शुक्रवारपर्यंत पोचतील. विचारलं असतं तर ‘आहे ती चालतेय की’ म्हणाला असतात. चालतेय खरी, पण आजीचा आवाज, दादाचं लग्न, आंबोली, सगळं त्या एकाच डिस्कवर आहे. खर्च झाला, पण तो आवाज पुन्हा कुठे मिळणार?

या पेटीत जे ठेवाल ते एकाच वेळी दोन्ही डिस्कवर लिहिलं जातं. एक गेली तरी दुसरीवर सगळं शाबूत आणि पेटी चालूच. म्हणून ८ टीबी आणूनही वापरायला ४च. पडद्यावर ३.६ च्या आसपास दिसेल, कारण कंपनी हजाराने मोजते आणि पेटी १०२४ ने. दुकानदाराला फोन करू नका! डिस्क मुद्दाम पेटीसाठीच्याच घेतल्या. स्वस्तातल्या काही डिस्क माहितीचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहितात आणि एक बिघडून नवी भरायची वेळ आली की फार रेंगाळतात.

आई, तुझं काही बदलणार नाही. फोटो मोबाइलवर तसेच दिसतील, टीव्हीवरही. पेटीला ट्यूबलाइटपेक्षा कमी वीज लागते.

जुळणी मात्र बाबांनीच करायची, ते हात स्क्रूड्रायव्हरला सरावलेले आहेत. पेटी बंद असतानाच डिस्क बसवा. त्याआधी प्रत्येकीचा सिरियल नंबर कागदावर उतरवा, कुठली कप्पा १ मध्ये, कुठली २ मध्ये तेही. पुढे एक बिघडली तर घाईत चांगली डिस्कच उपसली जाते, घात तिथे होतो. पेटी राउटरला लॅनच्या वायरने जोडायची, ते दादा करेल. मग लॅपटॉपवर फाइंड डॉट सिनॉलॉजी डॉट कॉम उघडा. स्टोरेज मॅनेजरमध्ये रेड १ निवडा, म्हणजे दोन्ही डिस्कवर आरशासारखं तेच लिहिलं जाईल. रेड ० किंवा बेसिक अजिबात नको. फाइल सिस्टिम बीटीआरएफएस घ्या, म्हणजे स्नॅपशॉट, त्या-त्या वेळच्या फाइल जशा होत्या तशा, ठेवता येतील. त्यानंतर दोन्ही डिस्क जुळवून घ्यायला काही तास लागतात, तेवढ्यात बंद करू नका.

बाबा, तुमची जुनी डिस्क वाया कशाला घालवायची म्हणून कप्प्यात घालाल. कृपा करून नको. स्टोरेज पूल, म्हणजे डिस्कची एकत्र साठवणीची जागा, बनवताना डिस्क पूर्ण पुसली जाते. ती यूएसबीने बाहेरून जोडा आणि रात्रभर कॉपी होऊ द्या.

इन्व्हर्टरवर विसंबू नका. लाइट गेल्यावर तो क्षणभर उशिरा जागा होतो आणि तेवढ्यात पेटी धाडकन बंद पडते. यूएसबीचं पोर्ट असलेला यूपीएस पाठवते आहे. त्याची यूएसबी वायर पेटीला लावून पेटीच्या सेटिंगमध्ये यूपीएस चालू केला की बॅटरी संपत आल्यावर पेटी स्वतःच नीट बंद होते. पेटी बीप-बीप करू लागली आणि नारिंगी दिवा लुकलुकला तर घाबरू नकोस आई. डिस्कपैकी एक गेली असेल, फोटो नव्हे. कशालाही हात न लावता मला फोन करा. नवी डिस्क तितकीच किंवा मोठी लागते आणि ४ टीबी भरायला सात-आठ तास, कधी जास्तही जातात. तोवर उरलेली एकटीच सगळं सांभाळत असते.

आणि हे लक्षात ठेवा: चुकून फोटो पुसला तर तो दोन्हीकडून पुसला जातो. दोन्ही डिस्कच्या या आरशाला बॅकअप समजू नका. म्हणून तिसरी, यूएसबीची डिस्क दादाकडे राहील. तो महिन्यातून एकदा ती आणून पेटीतलं हायपर बॅकअप हे बॅकअप घेणारं अ‍ॅप चालवेल आणि परत घेऊन जाईल. जुनी डिस्क कपाटातच असू द्या, तिच्यावरचं काही पुसू नका.

राउटर माळ्यापाशी आहे, म्हणून बाबा, स्टुलावर चढायचं नाही. गुडघ्याचं डॉक्टरांनी काय सांगितलंय ते आईला विचारा. वायर लावायला दादा रविवारी येतोय, तोवर खोका उघडलात तरी चालेल.

तुमची,
धाकटी