वाड्यावाड्याला छोटा निधी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात मी आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली. लसीकरण आणि बाळंतिणी हे आमचे मुख्य काम. पण घरोघर फिरताना म्हाताऱ्यांचीही विचारपूस होई. खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या प्रत्येकाला मी विचारत असे, कुठे पडलात? उत्तरे बहुतेक ठरलेली असत. एक न्हाणीघर, आणि दुसरी घराकडून रस्त्यावर उतरणारी चिऱ्यांची वाट. जून लागला की त्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, ते चतुर्थी होऊन गेली तरी सुटत नाही. संध्याकाळी देवळात आरतीला निघालेली बाई तिथेच घसरते. हाड जुळले तरी मनातली भीती जात नाही. पुढे ती देवळात जायचे सोडते, मग दुकानात, मग शेजारी. तिच्या घराचे दार दिवसभर लोटलेलेच दिसू लागते.

त्या वाटेला हवे काय? एका बाजूला लोखंडी पाइपचा कठडा, पायऱ्यांच्या कडांना पांढरा रंग, वळणावर एक दिवा आणि पावसाळ्यात दोन-तीनदा घासणी. हे काम निविदा काढण्याइतके मोठे नाही. वाट सगळ्यांची असल्यामुळे ते कुठल्याही एका घराचेही नाही. पंचायतीतल्या पंचाला सांगितले जाते, पंच मान हलवतो, आणि रस्त्याच्या डांबरीकरणापुढे कठडा मागे राहतो. या मधल्या कामांसाठी आपल्याकडे पैशाची सोयच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझी भाची अमेरिकेत असते. तिच्याकडून मला एएआरपी या ज्येष्ठांच्या संस्थेच्या अनुदानांबद्दल कळले. एथेल पर्सी अँड्रस या निवृत्त मुख्याध्यापिकेने १९५८ साली ही संस्था काढली. २०१७ पासून ती गावांना, पालिकांना आणि सेवाभावी संस्थांना दरवर्षी छोटी अनुदाने देते. त्यातून बाक बसतात, रस्ता ओलांडायचे पट्टे रंगवले जातात, बागा होतात. काम काही महिन्यांत उरकायचे असते, ही अट मला सर्वांत आवडली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला पाच वर्षांची योजना सांगून काय उपयोग?

गोव्याला याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसे ८.६ टक्के होती, गोव्यात ११.२ टक्के. आपल्यापुढे होता फक्त केरळ. त्यानंतर किती मुले आखातात, इंग्लंडला, बोटीवर, नाहीतर पुण्या-बंगळूरला गेली ते प्रत्येक वाड्याला ठाऊक आहे. राज्य सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिना २,००० रुपये ज्येष्ठांच्या खात्यावर जमा होतात, आणि त्या पैशांचे मोल मी घराघरांत पाहिले आहे. पण ते काढायला बँकेपर्यंत जाणारी वाट त्या पैशांतून होत नाही.

माझी सूचना अशी. राज्यातल्या १९१ पंचायतींनी दरवर्षी लाखभर रुपये तरी याच कामासाठी वेगळे ठेवावेत, आणि ज्यांना जमत नाही त्यांना सरकारने द्यावेत. अर्ज एका पानाचा असावा. तो महिला मंडळाने, भजनी मंडळाने किंवा स्वयंसहाय्य गटाने करावा. काम मे संपण्याआधी पुरे व्हावे आणि हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवावा. दिवा गेला तर कोण बदलणार, त्याचे नावही अर्जातच लिहून घ्यावे.

काय करायचे ते मात्र म्हाताऱ्यांनाच विचारा. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ज्येष्ठस्नेही शहरांची मार्गदर्शिका काढली, तेव्हा ३३ शहरांतल्या ज्येष्ठांशी बोलूनच ती केली होती. न विचारता केलेले काम कसे होते, ते आपल्या बाकांवर दिसते. सिमेंटचे बाक बसले, त्यांच्या पाठीवर देणाऱ्याचे नाव आले, पण हात टेकायला काही नाही. गुडघे गेलेला माणूस त्यावर बसतो, पण धरायला काही नसल्यामुळे त्याला उठवत नाही. म्हणून तो बसतच नाही. बाकाला दोन्ही बाजूंना हात हवेत आणि बैठक खुर्चीइतकी उंच हवी. बाक सावलीत हवा आणि लोकांची ये-जा असते तिथे हवा. पोदेर म्हणजे पाववाला थांबतो तो तिठा, खुरसाजवळची (क्रूसाजवळची) जागा, बसथांबा, देवळाची तळी. तिथे बसले की कोणीतरी नाव घेऊन हाक मारते. एकट्या राहणाऱ्या माणसाला त्या हाकेचा आधार औषधाइतकाच असतो, हे मी अनुभवाने सांगते. भाड्याच्या खोल्यांत मुलांबरोबर राहायला आलेल्या परप्रांतीय म्हाताऱ्यांना तर इथे कोणी ओळखतही नाही. तीही त्याच बाकावर बसू देत.

आमच्या पुढच्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार आहे. त्याआधी वाड्यावरच्या चार-पाच ज्येष्ठांना बरोबर घेऊन त्यांच्या चालीने रस्त्यापर्यंत जाणार, आणि ते कुठे थांबतात, कुठे कोणाचा हात धरतात ते लिहून काढणार. इतर गावांतल्या निवृत्त आरोग्यसेविका आणि शिक्षकांनीही आपापल्या वाड्यावर हे करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सरपंचांपुढे ठेवायला तेवढी यादी पुरे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्यसेविका, फोंडा