क्वार्टरबॅक नेमकं बघतो कुणाकडे?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

२०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये फ्लॅग फुटबॉल, म्हणजे गड्याला न पाडता कमरेची पट्टी ओढून अडवण्याचा अमेरिकन फुटबॉल, खेळला जाणार (हा निर्णय २०२३ साली मुंबईतल्या अधिवेशनातच झाला) म्हटल्यावर मराठी क्रीडा पानांवरही क्वार्टरबॅक दिसू लागला आहे. पण त्याची ओळख ‘मोकळा गडी दिसला की चेंडू फेकणारा’ एवढीच करून दिली जाते. गडी मोकळा दिसेपर्यंत थांबलं तर उशीर झालेलाच असतो. बघायचं असतं बचावपटूकडे.

अकरा-अकरांच्या मूळ अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हातात येण्याआधी सगळ्यात मागचे बचावपटू, म्हणजे सेफ्टी, मोजायचे. मधोमध एकच खोल उभा असेल तर बहुधा कव्हर वन किंवा कव्हर थ्री (या बचावाच्या मांडण्या; आकडा खोल जागा राखणाऱ्यांचा). दोघे असतील तर कव्हर टू किंवा कव्हर फोर. मग कडेचा कॉर्नरबॅक. त्याची नजर रिसीव्हरवर, म्हणजे चेंडू झेलणाऱ्यावर, खिळलेली असेल तर तो त्याच्या मागे पळणार. कंबर आत वळलेली आणि डोळे क्वार्टरबॅककडे असतील तर तो आपली जागा राखणार, म्हणजे झोन. शंका वाटली तर स्नॅपआधी, म्हणजे चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देण्याआधी, एका रिसीव्हरला आडवं पळवायचं. एखादा बचावपटू त्याच्या मागोमाग गेला तर गड्याला गडी लावलेला आहे. सगळे नुसते थोडे सरकले तर बहुधा झोन. अर्थात समोरचेही दूधखुळे नसतात. दोन सेफ्टी दाखवतात आणि स्नॅप होताच एक खाली उतरतो. म्हणून चेंडू हाती आल्यावर पहिली नजर पुन्हा सेफ्टीवरच.

त्यानंतर अकराही जण बघत बसायचं नाही. एकालाच कात्रीत धरायचं. कव्हर टूसमोर कडेचा रिसीव्हर पाच-सहा यार्डांवर थांबून वळतो. आतला दहा-बारा यार्ड सरळ जाऊन मैदानाच्या कोपऱ्याकडे तिरका निघतो. कॉर्नरबॅक खालच्यावर धावला की चेंडू त्याच्या डोक्यावरून कोपऱ्यात. तो मागे सरकला की खालच्याच्या हातात. कबड्डीत चढाई करणारा कोपऱ्यावरच्या गड्याचा तोल बघतो, तशी इथं बचावपटूची कंबर बघायची. डोकं आणि खांदे हूल देतात, कंबर सहसा देत नाही.

हे सगळं पायांशी बांधलेलं असतं. पाच पावलं मागे जायचं, पाचवं टेकताच पहिली फेक. ती नसेल तर लहानसं पाऊल पुढे घेऊन दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे. हा सगळा कारभार साधारण तीन सेकंदांत. नवखे चुकतात ते इथंच. ते आवडत्या रिसीव्हरवर डोळे रोखून धरतात आणि झोनमधला बचावपटू ते डोळे वाचून चेंडूच्या वाटेत येऊन उभा राहतो. दुसरी चूक अशी की, मागचा सेफ्टी बघता बघता मधल्या फळीतला बचावपटू, म्हणजे लाइनबॅकर, नजरेतून सुटतो आणि चेंडू थेट त्याच्या छातीवर जातो.

फ्लॅगमध्ये पाच-पाचच गडी, त्यामुळे वाचन सोपं. क्वार्टरबॅकवर धावून येणारा बचावपटू चेंडूच्या रेषेपासून सात यार्ड मागून निघतो. तो आला की चार रिसीव्हरांना चारच बचावपटू उरतात. त्यातला एक खोल थांबला तर खाली तिघंच, म्हणजे आखूड फेकीला वाव. खोल कुणीच नसेल तर लांब फेकीचा विचार करावा.

सराव साध्या साहित्यात होतो. फक्कीने पंधरा-पंधरा फुटांवर, म्हणजे पाच-पाच यार्डांवर, रेघा आखा. दोन रिसीव्हर एकाच रांगेत पुढे-मागे, मध्ये एक बचावपटू. शिक्षकांनी क्वार्टरबॅकच्या पाठीमागून हाताने खूण करायची, बचावपटूने त्याप्रमाणे पुढे किंवा मागे जायचं आणि चेंडू त्याने सोडलेल्या बाजूला गेला पाहिजे. गुण निवडीला द्या, झेल सुटला तरी हरकत नाही. सोयाबीन निघालेलं वावर मोकळं दिसतं म्हणून तिथं पोरांना उतरवू नका. काळ्या मातीच्या भेगांत पाय मुरगळतो. मुरमाचं मैदान बरं.

आपण खेळाचा आराखडा छापता तेव्हा त्यात फक्त आक्रमणाचे बाण असतात. बचावपटूंच्या जागाही दाखवल्यात, तर शाळांना तो फळ्यावर उतरवून घेता येईल.

आपले,
काही क्रीडाशिक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ