जर्मन शेफर्डचं पिल्लू घेण्याआधी

राजारामपुरी, कोल्हापूर
१४ नोव्हेंबर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पाचगावच्या घराचा स्लॅब टाकून झाला आणि पाडव्याला तुम्ही कायमचे इकडं येताय, हे वाचून घरात सगळ्यांनाच आनंद झाला. काकूंची त्या ठाण्याच्या चौथ्या मजल्यावरून सुटका होईल. पण पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस की जर्मन शेफर्डचं पिल्लू बघून ठेवलंय, बापाला प्रदर्शनात बक्षीस आहे, पाठ मागं छान उतरती आहे, आणि गेटजवळ साखळीला बांधलं की काकूंच्या रात्रीची काळजी मिटेल. विसार दिला नसशील तर थांब. कुत्रं घे, जर्मन शेफर्डच घे, माझी ना नाही. पण त्या पाठीवर भाळून घेऊ नकोस, आणि साखळीसाठी तर मुळीच घेऊ नकोस.

आपल्या लहानपणी बंगल्यांच्या फाटकांआडून भुंकणारं जे अल्सेशियन आपण बघायचो, तेच हे कुत्रं. आपल्या डोक्यात ते बसलंय पहारेकरी म्हणून, पोलिसांचं म्हणून. मुळात ते धनगराचं. जर्मनीत भागाभागांतले मेंढपाळ आपापली कुत्री राखून असत. थुरिंगियाकडची ताठ कानांची आणि लांडग्यासारखी करडी, वुर्टेंबर्गकडची थोराड आणि झुपकेदार शेपटीची. रंगारूपाशी कुणाला देणंघेणं नव्हतं, काम करील त्या कुत्र्याचा वंश वाढवायचा एवढंच. १८९१ मध्ये काही हौशी मंडळींनी फायलाक्स नावाची संस्था काढून या सगळ्यांतून एक जात घडवायचं मनावर घेतलं, पण तीन वर्षांत ती मोडली.

मग आला माक्स फॉन स्टेफानिट्झ, घोडदळातला माणूस. १८९९ च्या एप्रिलमध्ये कार्ल्सरूहच्या प्रदर्शनात त्याला हेक्टर लिंक्सऱ्हाइन नावाचा कुत्रा दिसला. काटक, चपळ, डोळ्यांत समज असलेला. त्यानं तो विकत घेतला, नाव बदलून होरांड फॉन ग्राफ्राट ठेवलं, आणि त्याच महिन्यात २२ तारखेला जर्मन शेफर्डची संस्था उभी केली. तिच्या नोंदवहीत पहिल्या क्रमांकावर होरांड आहे. कुत्रा दिसायला कसा आहे यापेक्षा तो कामाला कसा आहे हे स्टेफानिट्झ आधी बघायचा. शेवटी नाझींनी त्याच्या संस्थेत ढवळाढवळ केली, त्याला बाजूला व्हावं लागलं, आणि १९३६ साली २२ एप्रिललाच, म्हणजे संस्थेच्या वाढदिवशीच, तो गेला. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

आता ते काम कोणतं, हे नीट समजून घे, कारण या कुत्र्याचा सगळा स्वभाव त्यातून आलाय. तिकडं शेतांना कुंपणं नसत. दोन्ही बाजूंना उभं पीक आणि मधल्या पट्ट्यात मेंढरं चरायची. कुत्र्यानं पिकाच्या कडेकडेनं दिवसभर दुडक्या चालीनं येरझाऱ्या घालायच्या आणि एकाही मेंढराला हद्द ओलांडू द्यायची नाही. भुंकून गोंधळ घालायचा नाही. एखादं ऐकेनाच तर मानेला किंवा मांडीला पकडायचं आणि लगेच सोडायचं, जखम करायची नाही. धनगर लांब काठीला टेकून उभा, त्यानं दर वेळी हुकूम द्यावा अशी सोय नाही. म्हणजे आपल्या अकलेनं निर्णय घेणारं, पण मालकाकडं एक डोळा ठेवून असणारं कुत्रं त्याला हवं होतं.

गेल्या आठवड्यात कागलच्या मळ्यात खतासाठी बकरी, म्हणजे मेंढरं, बसवली होती. आमच्या राणीला, म्हणजे शेफर्ड कुत्रीला, मी बरोबर नेलं होतं. शेजारच्या वाफ्यात हरभरा नुकता वर आलेला. बकरी चरायला सुटली तशी राणी उठली, मान खाली घातली आणि बांधाच्या कडेनं चालायला लागली. टोकापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. एक काळी मेंढी हरभऱ्याकडं तोंड करून पुढं आली. राणी तिच्या समोर नुसती आडवी उभी राहिली, मेंढीनं पाय आपटला, आणि वळली. तिला हे कुणी शिकवलेलं नाही, जन्मात तिनं एवढी बकरी बघितली नव्हती. वाड्याचा म्हातारा धनगर बराच वेळ बघत होता. मला म्हणाला, "आमची कुत्री राच्च्याला लांडग्यासाठनं. बकरी वळवायची आमची आमीच. ही बाई येगळी हाय." इतका नेमका फरक मी कुठल्या जाणकाराच्या तोंडून ऐकला नव्हता. आपल्याकडचं धनगराचं कुत्रं राखणदार आहे. रात्री वाड्याभोवती बसतं, लांडग्याच्या अंगावर जातं. मुधोळचं कुत्रं डोळ्यानं सावज हेरून पळणारं, शिकारीचं. शेफर्ड या दोघांहून निराळा. त्याला हद्द आणि कळप दोन्ही लागतात.

तुझ्या घरात कळप म्हणजे काकू, वहिनी आणि नातवंडं. पोरं अंगणात सैरावैरा पळाली की पिल्लू त्यांच्या टाचांना तोंड लावणार. तो द्वाडपणा नव्हे, वळवायची उपजत खोड आहे ती. ओरडू नका, त्याला दुसरं काम द्या. चेंडू शोधायला लावा, पेपर आणायला शिकवा, शिट्टीवर बसायला शिकवा. घरातलं एक माणूस बाहेर गेलं तरी आमची राणी दारात बसून राहते, सगळी आत आल्याशिवाय जेवत नाही. अनोळखी माणसाशी ती सलगी करत नाही, पण उगाच अंगावरही जात नाही. लांब उभी राहून जोखते. चांगल्या शेफर्डची हीच खूण. दिसेल त्याच्यावर झेपावतो तो शूर नसतो, घाबरलेला असतो.

आणि साखळीनं नेमकं तेच होतं. हद्दीवर चालायला घडवलेल्या जनावराला चार फुटांत खिळवलं की ते आधी भुंकतं, मग गोल गोल फिरतं, मग स्वतःची शेपूट चावतं आणि शेवटी माणसाला चावतं. काकूंना आधार हवाय ना? तर त्याला घरात, काकूंच्या पायाशी झोपू दे.

पिल्लू तीन-साडेतीन महिन्यांचं होईपर्यंत जे बघतं ते त्याला जन्मभर आपलं वाटतं. आल्या आल्या त्याला कडेवर घेऊन फिरव. लसी पुऱ्या व्हायच्या असतात तोवर खाली सोडू नको, पार्व्हो हा पिल्लांचा विषाणूचा रोग वाईट. पण बघू दे. रंकाळ्याची गर्दी, एसटी स्टँडवरचे हॉर्न, लांबून का होईना पण हलगी. कोल्हापुरात राहायचं आणि हलगीला घाबरायचं, हे त्या बिचाऱ्याच्या नशिबी नको.

मेंढरं कमी होत गेली तशी स्टेफानिट्झनं ही कुत्री पोलिसांकडं वळवली. पहिल्या महायुद्धात त्यांनी निरोप पोचवले, जखमी सैनिक शोधले. १९१६ मध्ये ओल्डेनबुर्गला युद्धात आंधळे झालेल्या सैनिकांसाठी वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. १९२८ मध्ये बडी नावाची एक शेफर्ड कुत्री मॉरिस फ्रँक या अंध तरुणाला अमेरिकेतल्या रहदारीतून घेऊन चालली. मालकानं पुढं हो म्हटलं तरी समोरून गाडी येत असेल तर हलायचं नाही, हे अशा कुत्र्याला येतं. बांधावरची ती अक्कलच तिथं उपयोगी पडली.

आता तुझ्या त्या उतरत्या पाठीचं. होरांडचं चित्र बघ, पाठ जवळपास सरळ आहे. प्रदर्शनासाठी पैदास करणाऱ्यांनी पुढं पुढं मागचा भाग खाली दाबत नेला, मागचे पाय दुमडत नेले. उभं असताना रुबाबदार दिसतं, पण चालायला लागलं की काही कुत्र्यांची मागची टाच लटपटते. तुझे आजोबा जनावरांच्या बाजारात बैल घेताना आधी दूरवर चालवून बघायचे, रंग-शिंगं नंतर. तसंच पिल्लाच्या आई-बापांना चालव, पळव, मागून बघ. आणि आई दाखवत नाही तिथून पिल्लू घेऊ नकोस. इथल्याच एका विक्रेत्यानं मला आई "गावाला आहे" म्हणून सांगितलं होतं, मी तिथूनच परत फिरलो.

सगळ्यात मोठं दुखणं खुब्याचं. मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत घट्ट बसत नाही, सैल हलतो, घासतो, आणि पुढं संधिवात होतो. पिल्लू जन्मतं तेव्हा सांधा ठीक असतो, वाढताना बिघडतो. अर्धं आई-बापांकडून येतं, अर्धं आपण घालतो. माझ्या शेरूला होतं ते तुला आठवत असेल. पळताना मागचे दोन्ही पाय जोडून टाकायचा, उठताना आधी पुढचं अंग रेटायचा, जिन्यासमोर थांबून तोंडाकडं बघायचा. म्हणून आई-बापांच्या खुब्याचे एक्स-रे माग, वर्ष उलटल्यावर काढलेले. कोपराचेही असतील तर उत्तम. नुसतं रंगीत सर्टिफिकेट दाखवलं तर त्यावर जाऊ नकोस. पिल्लू आणल्यावर त्याला गुटगुटीत करायचा मोह आवर. बरगडी हाताला लागली पाहिजे. आणि कॅल्शियमची बाटली! आपल्याकडं मोठ्या जातीचं पिल्लू म्हटलं की सगळे ती बाटली पाजायला सांगतात. मोठ्या जातीच्या पिल्लांच्या खाद्यात कॅल्शियम पुरेसं असतं, वरचं जादा कॅल्शियम त्यांच्या शरीराला टाकता येत नाही आणि हाडांची घडणच बिघडते. डॉक्टरांनी तपासून सांगितल्याशिवाय एक थेंबही नको.

दुसरं लक्षात ठेवायचं ते पोटाचं, आणि हे तासांत जीव घेतं. खोल छातीच्या कुत्र्यांचं जठर वायूनं फुगतं आणि त्याला पीळ पडतो. कुत्रं अस्वस्थ होतं, ओकायला बघतं पण नुसता फेस येतो, पोट ढोलासारखं ताठ लागतं. असं दिसलं तर ओवा-हिंग करत बसू नका, रात्र असो की अपरात्र, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरकडं पळा. तिथला फोन आधीच भिंतीवर लिहून ठेव. जेवण एकदम परातभर न देता दोन-तीन वेळा विभागून, आणि जेवणानंतर लगेच पळवायचं नाही.

तिसरं फसवं आहे. आमच्या शेजारचा तरणा कुत्रा अधाशासारखा खायचा आणि दिवसेंदिवस वाळत चालला होता. शी ढीगभर, फिकट, तेलकट, घाण वासाची. लोक जंतांची औषधं देत राहिले. खरं म्हणजे त्याच्या स्वादुपिंडातून पाचक रस येणंच बंद झालं होतं. शेफर्डमध्ये हे बऱ्यापैकी आढळतं. रक्ताच्या तपासणीत कळतं, आणि जेवणात जन्मभर एन्झाइमची पावडर मिसळली की कुत्रं पुन्हा भरतं. आता तो रोज सकाळी आमच्या गेटपाशी येऊन राणीला हाका मारतो.

म्हातारपणी, साधारण आठ वर्षांनंतर, एक मज्जारज्जूचा आजार येऊ शकतो. मागचे पाय फरफटतात, नखं रस्त्यावर घासून झिजतात, पण दुखत मात्र नाही. खुब्याच्या दुखण्यापासून तो ओळखायची हीच खूण. त्याला अजून इलाज नाही, पण जनुकाची तपासणी आहे, जाणते पैदासवाले ती करून मगच जोडी लावतात. त्याबद्दलही विचार.

बाकी आपल्या हवेतलं म्हणशील तर गोचीड. पाचगावला आजूबाजूला जनावरं आहेत, गोचीड होणारच. ताप, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, नाकातून रक्त यांपैकी काही दिसलं की त्याच दिवशी रक्त तपासून घे, वेळेत औषध मिळालं तर बहुतेक बरी होतात. पावसाळ्यात अंग कोरडं ठेव, आतली दाट लव ओली राहिली की खाली कातडी चिघळते. उन्हाळ्यात फिरणं पहाटे. केस मात्र भादरू नको, दुहेरी लव उन्हापासूनही राखते.

पाडव्याच्या आधी एक रविवार मोकळा ठेव. सांगलीकडं एक ओळखीचे गृहस्थ आहेत, एक्स-रे काढल्याशिवाय जोडी लावत नाहीत. त्यांची कुत्री रंगानं करडी, पाठीनं सरळ आणि दिसायला साधी आहेत, पण चालताना बघशील तर नजर हटणार नाही. फेब्रुवारीत पिल्लं होतील म्हणतात. म्हणजे तुमचं सामान लागेपर्यंत पिल्लू दोन महिन्यांचं होईल, त्याआधी आईपासून तोडायचंही नसतं. आपण दोघं जाऊन आई-बाप बघून येऊ. राणीलाही घेऊ बरोबर.

काकूंना नमस्कार सांग, वहिनींना आणि पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळू

ता. क. गोचिडांसाठी बकऱ्यांचं आयव्हरमेक्टिन कुणी आणून दिलं तर कुत्र्याला अजिबात देऊ नकोस. कोली नावाच्या मेंढपाळी कुत्र्यांच्या जातींना, आणि काही शेफर्डनाही, ते थेट मेंदूपर्यंत चढतं. मात्रा थोडी चुकली तरी कुत्रं दगावू शकतं. औषध डॉक्टरच देतील, वजन करून.