पहिलं उत्तर लगेच पकडू नकोस

प्रिय सोनू,

परवा फोनवर तू म्हणालीस की "आई, प्रॉब्लेम सेल्स टीमचाच आहे, दोन माणसं बदलली की सगळं नीट होईल". तू गाडीत होतीस म्हणून मी नुसतं हं हं केलं, पण ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय, वेळ मिळेल तसं वाच. बिझनेस हेड झालीस याचा आनंद आहेच गं, फक्त त्या खुर्चीची एक गंमत असते, आपण जे पहिल्यांदा बोलतो तेच सगळ्यांचं मत होऊन बसतं आणि मग बाकीचे त्याचेच पुरावे गोळा करून आणतात.

मी भोसरीला क्वालिटीत होते तेव्हा अ‍ॅल्युमिनियमच्या हाऊसिंगचा एक जॉब चालायचा, ६० एमएमचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, त्यात बेअरिंग बसायचं. थर्ड शिफ्टचं, म्हणजे रात्रपाळीचं, रिजेक्शन कायम जास्त, बोअर अंडरसाइज, मापापेक्षा बारीक. साहेब मीटिंगमध्ये आल्या आल्या म्हणाले, रात्री पोरं झोपतात. झालं, सगळे झोपणाऱ्याला शोधायला लागले आणि एक जण खरंच डुलक्या काढताना सापडलाही! त्याला वॉर्निंग लेटर, पोरांच्या शिफ्ट बदलल्या, रिजेक्शन मात्र आहे तिथंच.

शेवटी आमच्या सेटरने, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याने, विचारलं, रात्रीचा माल मोजतं कोण आणि कधी? रात्री इन्स्पेक्टर नसायचा, माल ट्रेमध्ये गार व्हायचा आणि सकाळी मोजला जायचा, आणि दिवसा मात्र पीस मशीनवरून उतरला की गरम गरमच बोअर गेज, म्हणजे भोक मोजायचं साधन, आत. अ‍ॅल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे एमएमचा हजारावा भाग) वाढतं, म्हणजे पीस १५ अंशांनी गरम असला तर साठचा बोअर वीसेक मायक्रॉन मोठा दिसणार, आणि आमचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, सगळा मिळून ३०! मोजमापाचं तापमान जगभर २० अंश ठरवलंय ते उगाच नाही. दिवसा गरम पीसवर बघून मशीनला ऑफसेट, म्हणजे मापाची दुरुस्ती, लावायचे, रात्री तोच ऑफसेट चालायचा. म्हणजे माल दोन्हीकडे सारखाच, रात्रीचा खरा मोजला जात होता, आणि ज्या फर्स्ट शिफ्टचं सगळे कौतुक करत होते तिचा बारीक बोअरचा माल बिनबोभाट पास होऊन कस्टमरकडे जात होता.

आता बघ, डेटा नव्हता असं नाही, रंगीत चार्ट होते. पण चार्ट शिफ्टप्रमाणे काढला होता म्हणून दोष शिफ्टमध्येच दिसला. तू सेल्सचे आकडे माणसाप्रमाणे लावलेस म्हणून तुला माणसं दिसतायत. तेच आकडे जरा वेगळे मांडून बघ ना. ऑर्डर कमी म्हणजे नक्की काय कमी, इन्क्वायरीच येत नाहीत, की येतात पण कोटेशन जायला उशीर होतो, की कोटेशन जातं आणि रेटवर अडतं, की ऑर्डर येते पण डिस्पॅच लांबतं आणि तोच कस्टमर दुसऱ्यांदा येत नाही? यातल्या एकेकाला इलाज वेगळा आहे आणि माणसं बदलून यातलं फार तर एखादं सुटेल. आणि तुझ्या मनातलं कारण खरं असेल तर कुठला आकडा कसा दिसायला हवा ते आधी लिहून ठेव, मग शीट उघड. उलटं केलंस तर जे हवंय तेच सापडतं.

व्हाय-व्हाय अ‍ॅनालिसिसचे फॉर्म, पाच वेळा "का" विचारून मूळ कारण शोधायचे, तुमच्याकडेही भरत असतील. टोयोटाच्या ताइइची ओनोंचं उदाहरण आहे, मशीन बंद पडलं, का, तर फ्यूज उडाला, तिथून बेअरिंगला तेल नाही, तेलाचा पंप नीट खेचत नाही, पंपाचा शाफ्ट झिजलाय, असं करत करत शेवटी निघालं की गाळणीच नव्हती म्हणून बारीक चुरा आत जात होता. आपल्याकडे पाचवं उत्तर ठरलेलं, ऑपरेटरचं दुर्लक्ष, ट्रेनिंग दिलं, सही. ते दिसलं की समजायचं, कुणीतरी जेवायच्या सुट्टीत फॉर्म भरलाय.

टाटांच्या नॅनो गाडीबद्दलही लोक असंच एका वाक्यात निकाल देतात. "सर्वात स्वस्त गाडी" हा शिक्का नडला, हे स्वतः रतन टाटांनीही नंतर म्हटलं होतं, ते खरंच आहे, पण २००८ मध्ये कारखाना बंगालमधलं सिंगूर सोडून गुजरातेत साणंदला न्यावा लागला, काही गाड्यांना आगी लागल्या, किंमतही लाखावर राहिली नाही, हे सगळंही होतंच. साणंदची क्षमता वर्षाला अडीच लाखांची आणि सगळ्यात चांगल्या वर्षात, २०११-१२ ला, खपल्या सुमारे ७४ हजार. आता यातलं कशामुळे किती, हे चहाच्या टपरीवर ठरत नाही, पण मागाहून सगळेच शहाणे असतात.

आणि त्या नव्या लाइनचं. तू म्हणालीस एवढे पैसे घातलेत, आता मागे कसं फिरणार. इंटेल कंपनी १९६८ ला सुरू झाली तीच मेमरी चिपसाठी, आणि १९८५ मध्ये जपानी कंपन्यांनी त्यांना त्यातच मारलं. तेव्हा कंपनीचा प्रेसिडेंट अँडी ग्रोव्हने सीईओ गॉर्डन मूरला विचारलं की आपल्याला काढून नवा सीईओ आणला तर तो काय करेल? मूर म्हणाला, मेमरी सोडेल. मग ते आपणच का करू नये, म्हणून त्यांनी मेमरी सोडली आणि प्रोसेसरवर गेले. मी लाइन बंद कर म्हणत नाहीये, मला त्यातलं काय कळतंय, फक्त उद्या तुझ्या जागी कोरी पाटी घेऊन आलेला माणूस आज या लाइनमध्ये नव्याने पैसे घालेल का, तेवढं बघ. गेलेले पैसे दोन्हीकडे गेलेलेच आहेत.

सोमवारच्या मीटिंगमध्ये तू सगळ्यात शेवटी बोल. आधी प्रत्येकाला आपापलं कारण चिठ्ठीवर लिहायला लाव, आणि डिस्पॅचच्या माणसाला पण बोलव, त्याला कुणी विचारत नाही आणि कस्टमरच्या शिव्या तोच खातो.

शनिवारी येशील तेव्हा शीट घेऊन ये, दोघी बसून बघू. बाबांना इतक्यात दाखवू नकोस, ते चष्मा लावायच्या आधीच उत्तर सांगतात.

तुझी,
आई