ओनियन रिंग्ज शिकवणाऱ्या शेजारच्या काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

कांद्याच्या रिंगा घरच्या कढईत हॉटेलातल्याइतक्या कुरकुरीत होऊ शकतात आणि ताटात वाढेपर्यंतच नव्हे, तर खाऊन संपेपर्यंत तशाच राहू शकतात, हे आपण या पावसाळ्यात मला शिकवले, त्याबद्दल आपले मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे की, मुलीच्या वाढदिवसाला आलेल्या तिच्या मैत्रिणींच्या आयांनी 'कृती पाठवा' म्हणून नंतर माझी पाठच सोडली नाही, आणि आपण जे शिकवले ते चार ओळींच्या कृतीत मावणारे नाही. नुसते साहित्य आणि प्रमाण दिले असते, तर आपली शिकवण अर्धीच पोहोचली असती.

आपली उमेदीची वर्षे मालवाहू बोटींवरच्या स्वयंपाकघरात गेली. परदेशी अधिकाऱ्यांना बर्गरसोबत रिंगा हव्या असत, तर कोकणातल्या खलाशांना पाऊस दिसला की भजी आठवत, आणि दोन्ही गोष्टी आपण एकाच पोत्यातल्या कांद्यातून करत होता. म्हणूनच असेल, पण आपण पहिल्याच दिवशी मला जे सांगितले ते कुठल्याही कृतीत मी वाचले नव्हते: भज्याला कांद्याचे पाणी हवे असते आणि रिंगेला ते नको असते. खेकडा भजी करताना आपण कांदा लांब चिरून त्याला मीठ चोळतो, तो पाणी सोडेपर्यंत थांबतो आणि सुटलेल्या त्या पाण्यातच मावेल तेवढे बेसन कालवतो. वरून पाणी घालणाऱ्याची भजी बिघडली म्हणून समजावे. रिंगेचे सगळे याच्या उलट आहे. तिथे कांदा अखंड आणि कोरडा राहायला हवा, त्याच्यातील ओलावा आवरणाला भिजवण्याआधी वाफ होऊन बाहेर पडायला हवा, आणि म्हणून कच्च्या कांद्याला मिठाचा कणही लागू द्यायचा नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे मीठ पेशींतून पाणी ओढून काढते हे मला नवे नव्हते. मात्र कांदा चिरतानाच त्याचे भजे करायचे की रिंग हे ठरलेले असले पाहिजे, हा विचार सर्वस्वी आपला आहे.

कांदा कोणता घ्यावा, याबाबत आपण जेवढे काटेकोर आहात तेवढे तेलाबाबतही नाही. मार्च-एप्रिलमध्ये निघणारा, चाळीत टिकणारा उन्हाळ कांदा घ्यावा, कारण तो घट्ट असतो आणि त्याच्या पाकळ्या जाड असतात; दिवाळीच्या सुमारास येणारा पोळ कांदा पाणीदार असतो, तो कोशिंबिरीला चांगला. आमच्याकडे अगोटच्या, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या, बेगमीत घेतलेला नाशिकचा कांदा होताच, त्यातले मोठे आणि गोल कांदे आपण स्वतः हाताने दाबून निवडून दिले. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला 2022 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि त्याची गोडी वादातीत आहे, तरी माळेतल्या लहान कांद्यांच्या रिंगा बोटात घालण्याएवढ्याच होतात, हे आपले म्हणणे मी मान्य करते.

चकत्या एक सेंटिमीटर जाडीच्या, धारदार सुरीने आणि एका झटक्यात कापायच्या. बोथट सुरी पेशी चिरडते आणि मग कांदा पाणीही सोडतो आणि डोळ्यांतूनही काढतो. त्या चकत्या बर्फाच्या पाण्यात अर्धा तास ठेवल्यावर आपण जे करून दाखवले, ते माझ्या मते या साऱ्या शिकवणीचा गाभा आहे. एक रिंग उचलून आपण तिच्या आतल्या अंगाला अंगठ्याचे नख लावले आणि काचेसारखा पारदर्शक, ओला पापुद्रा एका टोकाकडून सोलत पूर्ण फेरीने काढून बशीच्या कडेला चिकटवला. दरवर्षी मी मुलांना हाच पापुद्रा चिमट्याने काढायला लावते, त्यावर आयोडीनचा थेंब टाकते आणि सूक्ष्मदर्शकाखाली विटांसारख्या रचलेल्या पेशी दाखवते! हा पापुद्रा गुळगुळीत असल्यामुळे पीठ त्याच्यावर ठरत नाही, आणि तळल्यावरही तो चिवट राहत असल्यामुळे घास घेताना दातांनी तुटत नाही. मग पहिल्याच घासाला आतला कांदा दोरीसारखा ओढला जाऊन अख्खा बाहेर येतो आणि हातात नुसते पोकळ कवच उरते. चांगल्या म्हणवणाऱ्या हॉटेलांतही हा प्रकार सर्रास दिसतो. पापुद्रे काढायला वेळ लागतो हे खरे आहे, पण आपण म्हणालात त्याप्रमाणे घाई असेल त्याने सरळ भजी करावीत.

पुढचे काम सोपे आहे. रिंगा स्वच्छ पंचावर टिपून कोरड्या करायच्या आणि आधी नुसत्या कोरड्या मैद्यात घोळवायच्या, म्हणजे ओल्या पिठाला धरायला खरखरीत पृष्ठभाग मिळतो. दोन मोठ्या कांद्यांना एक वाटी मैदा, पाव वाटी कॉर्नफ्लोअर, एक चमचा बेकिंग पावडर, चवीला तिखट व मिरपूड, आणि फ्रीजमधून त्याच क्षणी काढलेला बाटलीतला साधा पिण्याचा सोडा, साधारण एक वाटी. पीठ घावनाच्या पिठापेक्षा दाट ठेवायचे. इथे मात्र मला हात आवरावा लागला, कारण भज्याचे पीठ आपण फेसून फेसून हलके करतो, तर हे पीठ चार-सहा वेळा ढवळून सोडून द्यायचे असते आणि त्यात गुठळ्या राहिल्या तरी चालतात. मैदा जितका घोटाल तितके त्यातले ग्लुटेन, म्हणजे चिकट प्रथिन, ताणले जाऊन आवरण चिवट होते; थंडीने ही क्रिया मंदावते आणि सोड्यातले बुडबुडे आवरणाला जाळी आणतात. कॉर्नफ्लोअरमध्ये ग्लुटेन नसल्यामुळे कुरकुरीतपणा वाढतो.

तळणीसाठी आपण मला आपला जुना तापमापक दिलात, त्याचे आभार वेगळे मानायला हवेत. त्याची काच धुरकटली आहे, पण 350 अंश फॅरनहाइटच्या खुणेशी, म्हणजे सुमारे 177 अंश सेल्सिअसला, खिळ्याने मारलेला ओरखडा अजून स्पष्ट दिसतो. काटा त्या ओरखड्याच्या खाली असताना रिंग सोडायची नाही आणि फार वरही जाऊ द्यायचा नाही. ज्यांच्याकडे तापमापक नाही त्यांच्यासाठी आपण सांगितलेली परीक्षा इथे नोंदवते: पिठाचा थेंब थोडा खाली जाऊन लगेच वर आला तर तेल तयार आहे, तळाशी बसून राहिला तर थंड आहे, आणि वरच्या वर लाल झाला तर आच कमी करावी. एका घाण्यात चार-पाचच रिंगा सोडाव्यात, कारण गार पिठाने तेलाचे तापमान खाली येते आणि मग आवरण कडक होण्याऐवजी तेल पिते.

रिंग तेलात असताना तिच्यातून वाफ जोराने बाहेर पडत असते, त्यामुळे तेलाला आत शिरायला फारसा वाव नसतो. बुडबुडे मंदावले आणि चुरचुर उतरली की ओलावा संपत आला असे समजून झारा घालायचा. खरा धोका त्यानंतर असतो. बाहेर काढलेली रिंग गार होऊ लागली की आतली वाफ निवते आणि पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते, म्हणून झारा कढईवरच दोनदा झटकून रिंगा लगेच जाळीवर सुट्या मांडायच्या. आपल्याकडे तळण कागदावर काढण्याची सवय सार्वत्रिक आहे आणि माझ्याही घरी ती होतीच. पण कागद तेल टिपतो तशी खालची वाफही कोंडून ठेवतो, आणि कोकणातल्या पावसाळी हवेत खालची बाजू बघता बघता सादळते. आपण माझ्या ओट्यावरचा कागद एक शब्दही न बोलता घडी करून बाजूला ठेवलात आणि पापड भाजायची जाळी परातीवर आडवी टाकलीत. मीठही तेव्हाच, रिंगा कडकडीत गरम असताना, वरून भुरभुरायचे.

काका, वयाच्या या टप्प्यावर गुडघे दुखत असताना आपण आमचा जिना चढून आलात, तासभर ओट्यापाशी उभे राहिलात, आणि 'तुम्ही बसा, मी करते' असे मी दरवेळी म्हटले तरी तळणीपाशी खुर्ची घ्यायची नसते म्हणून बसला नाहीत. तळताना तेलापासून मागे कसे उभे राहावे, ओला हात कढईजवळ का नेऊ नये, समुद्र खवळला की आपण तळणच बंद का ठेवत होता, हे सारे आपण माझ्या मुलीलाही तितक्याच गांभीर्याने समजावून दिलेत. ती आता झारा हाती घेण्याआधी हात पुसते. तिच्या आईच्या सांगण्याने ते कधी झाले नव्हते.

एका बाबतीत मात्र मी आपले ऐकलेले नाही, हे आपल्या कानावर घालणे योग्य होईल. कॉर्नफ्लोअरच्या जागी मी तांदळाचे पीठ वापरते आणि त्यात हातावर चोळलेला चिमूटभर ओवा घालते. रिंगा तितक्याच कुरकुरीत होतात आणि घरात सर्वांना ती चव अधिक आवडते. बोटीवर असे चालले नसते, हे आपले उत्तर मला ठाऊक आहे. तरी येत्या रविवारी संध्याकाळी आपण व काकूंनी घरी येऊन, दोन्ही प्रकारच्या रिंगा चाखून मगच निकाल द्यावा, ही नम्र विनंती. जिना चढणे जमणार नसेल तर निरोप पाठवावा, म्हणजे कढई घेऊन आम्हीच खाली येऊ.

आपली कृतज्ञ,
वरच्या मजल्यावरची बाई
रत्नागिरी