गंगाराम तांबटांना ॲबर्डीनमध्ये एक दालन द्या

प्रति,
मा. संस्कृती मंत्री,
स्कॉटलंड सरकार, एडिनबरा

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी मूळचा पुण्याचा, आता ॲबर्डीनमध्ये राहतो. सुट्टीच्या दिवशी लेकीला घेऊन आर्ट गॅलरीत जातो. १८८५ साली सुरू झालेली ही गॅलरी मोठ्या नूतनीकरणानंतर २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा उघडली. तिकीट नाही, त्यामुळे एकच चित्र बघून घरी परतलं तरी जिवाला लागत नाही.

या शहराच्या उत्तरेला पीटरहेड हे मासेमारीचं बंदर आहे. १७४७ मध्ये तिथं जन्मलेले जेम्स वेल्स ॲबर्डीनला शिकले, १७९१ ला मुंबईत उतरले आणि पुढे पुण्यात पेशव्यांच्या दरबारात चित्रं काढू लागले. नाना फडणविसांचा जो उभट, सडपातळ चेहरा आम्ही लहानपणापासून ओळखतो, तो या स्कॉटिश माणसाने रंगवलेला. सवाई माधवराव आणि नाना एकत्र असलेलं त्यांचं १७९२ चं मोठं तैलचित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे.

पण मला खरं सांगायचंय ते गंगाराम चिंतामण तांबट यांच्याविषयी. इंग्रजांचे पुण्यातले वकील चार्ल्स मॅलेट यांच्यासाठी ते चित्रं काढत. शनिवारवाड्यात वेल्स यांच्या देखरेखीखाली चित्रशाळा चालली, तिथले हे सर्वांत नावाजलेले चित्रकार. मात्र वेल्स पुण्यात येण्याआधीच, १७९० मध्ये, त्यांनी पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला होता. गेंड्याच्या कातडीची घडी न् घडी त्यांनी डोळ्यांनी चाचपून घेतली आहे! त्याला नुसतं ‘शिष्याचं काम’ म्हणणं मला पटत नाही. वेरूळची लेणी दोघांनीही रेखाटली. वेल्स यांच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियल यांनी १८०३ मध्ये २४ चित्रांचा संच छापला. गंगारामांचे कागद मात्र अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. पुण्याच्या तांबट आळीत वाढलेल्या पोरालाही हे नाव सहसा माहीत नसतं.

१९ ऑगस्ट २०२२ रोजी ग्लासगोच्या केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालयात भारताच्या सात वस्तू परत देण्याच्या करारावर सह्या झाल्या. त्यांतल्या बहुतेक देवळांतून नेलेल्या होत्या. ती बातमी मी आईला फोनवर वाचून दाखवली, तेव्हा ती बराच वेळ बोललीच नाही. गंगारामांची चित्रं चोरीची नाहीत. त्यामुळे माझी मागणी परतीची नाही. ती इथं, वेल्स यांच्या जन्मगावाजवळ, सन्मानाने मांडावीत एवढीच आहे.

लंडन आणि येलकडून ही चित्रं उसनी आणायची तर सर्वांत मोठा खर्च विमा आणि वाहतुकीचा. विम्याऐवजी सरकारी हमी देण्याची योजना ब्रिटनमध्ये आहेच. ती या प्रदर्शनाला मिळावी म्हणून आपण शब्द टाकावा. ॲबर्डीननंतर ऑगस्टमध्ये, एडिनबरा आर्ट फेस्टिव्हलच्या काळात, तेच प्रदर्शन राजधानीत नेता येईल. २००४ पासून भरणाऱ्या या महोत्सवासाठी कुठून कुठून माणसं येतात.

आणि दोन्ही चित्रकारांची नावं एकाच मापाच्या अक्षरांत लिहावीत. गंगारामांचं नाव देवनागरीतही हवं; माझी लेक नुकतीच ते वाचायला शिकली आहे.

आपला नम्र,
ॲबर्डीनमधला एक पुणेकर