बाबांनी वाचायच्या, आईनं ऐकायच्या कादंबऱ्या

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

पुस्तकांचं खोकं आजच पाठवलंय. ते तुमच्या हातात पडेल तोवर आईच्या दुसऱ्या डोळ्यावरची पट्टी निघालेली असेल. पण चष्म्याचा नवा नंबर ठरायला महिना-दीड महिना जाणार, आणि तोवर बारीक अक्षर काही लागायचं नाही. परवा फोनवर आई म्हणाली, "दुखत काहीच नाही गं, पण वाचायला नाही तर दिवस संपता संपत नाही." ते वाक्य दिवसभर डोक्यातून गेलं नाही. रात्री मी माझ्या पुस्तकांसमोर बसले आणि गेल्या काही वर्षांत ज्या बायका माझ्या मनात मुक्कामाला आल्यात, त्यांना एकेक करून खाली काढलं.

तर बाबा, ही पुस्तकं आईसाठी आहेत, पण वाचायची तुम्ही. मोठ्यानं.

तुम्ही काय म्हणणार ते मला माहीत आहे. "बायकांच्या कादंबऱ्यांतलं मला काय कळतं!" हे वाक्य तुम्ही इतक्या वर्षांत इतक्यांदा म्हणालात की आम्हांला ते खरं वाटायला लागलं होतं. पण बाबा, तुमचं सगळ्यांत आवडतं पुस्तक कोणतं? इरावती कर्व्यांचं 'युगान्त'. कुंतीचा विषय निघाला की तुम्ही तासभर बोलता. ती कर्णाला इतकी वर्षं ओळख का देत नाही, यावर तुम्ही आणि काका किती वेळ भांडला होता, ते मी दाराआडून ऐकलंय. बाईच्या मनात काय चाललं असेल याचा इतका बारीक विचार करणारा माणूस 'मला कळत नाही' म्हणतो, तेव्हा मला ते पटत नाही. कुंती चालते, तर आजची एखादी बाई का चालू नये?

म्हणून खोक्यात सगळ्यांत वर इरावतीबाईंच्या लेकीचं पुस्तक ठेवलंय. गौरी देशपांडे, 'एकेक पान गळावया'. १९८० सालचं. आई, तुझीच प्रत आहे ही. एकोणीस वर्षांची असताना मी ती तुझ्या कपाटातून काढली होती आणि परत ठेवायचं धाडस झालं नाही. कारण समासात जागोजाग तुझ्या पेन्सिलीच्या बारीक फुल्या होत्या. अधोरेखित काही नाही, शब्द एकही नाही, नुसत्या फुल्या, त्यासुद्धा पुसट, जणू कुणी विचारलंच तर 'चुकून लागलं असेल' म्हणता यावं. मी तेव्हा गोष्ट वाचतच नव्हते, फुल्या वाचत होते. बहुतेक फुल्या एकाच तऱ्हेच्या जागी होत्या. बाई चारचौघांत बसलेली असते, हसून बोलतही असते, आणि आत तिचं काहीतरी निराळंच चाललेलं असतं. गौरीच्या बायका त्या आतल्या बोलण्याला लाजत नाहीत. नवरा, मुलं, प्रेम, एकटेपण, वाढतं वय, कशाबद्दलही विचार करताना त्या आधी कुणाची परवानगी काढत नाहीत. तुझ्या फुल्या मी तशाच ठेवल्यात. बाबा, वाचताना त्या तुम्हांला दिसतीलच. तिथं थांबून तिला काही विचारायचं की पुढं जायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

त्याच्या खाली 'रेत समाधि' आहे, गीतांजली श्रींची. हिंदी आहे म्हणून कचरू नका, आणि जाड आहे म्हणून तर मुळीच नाही. २०१८ मध्ये आली, आणि २०२२ मध्ये डेझी रॉकवेल यांच्या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. हिंदी कादंबरीला हा मान पहिल्यांदाच मिळाला. पण मी पाठवतेय ती बक्षिसासाठी नाही. त्यातल्या अम्मासाठी पाठवतेय.

ऐंशीला टेकलेली बाई. नवरा गेलाय. ती अंथरुणात पडून आहे, घराकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून. मुलगा, सून, लेक, नातू, सगळे येऊन विनवतात, ऊठ. ती नाही म्हणते. पानांमागून पानं ती उठत नाही, आणि तरी कंटाळा येत नाही, कारण त्या नकाराच्या आत हळूहळू काहीतरी हलत असतं. 'नहीं' म्हणता म्हणता त्याचं 'नई' होतं. उठायचं नाही असं म्हणणारी बाई आता नवीच होऊन उठणार असते. ही गंमत डोळ्यांनी वाचताना निसटते, कानांवर पडली की लगेच पकडता येते. म्हणून ही कादंबरी मोठ्यानंच वाचायला हवी. मी एकदा मनात वाचली आणि मग दारं लावून घेऊन काही पानं स्वतःलाच वाचून दाखवली, तेव्हा कुठं मला तिची लय सापडली. मध्येच ती रस्ता सोडून देते, दारांबद्दल बोलते, कावळ्यांबद्दल बोलते. बाबा, घाई करू नका. आजीच्या गोष्टीसारखं आहे ते, फाटा फुटला की फाट्यानं जायचं.

आणि एक फुलपाखरांची काठी येते. ती हातात धरून अम्मा कशी उभी राहते, तिथं आलात की जरा थांबा आणि आईकडे बघा. पुढे ती लेकीच्या घरी राहायला जाते. लेक एकटी, स्वतंत्र, आपल्या वेळेनं जगणारी. आणि तिच्या त्या मोकळ्या घरात आई तिच्याहून मोकळी व्हायला लागते, इतकी की लेकीलाच घरातली मोठी बाई व्हावं लागतं. या भागात मी खूप रडले. आई माझ्याकडे राहायला आली होती तेव्हा मी तिला सारखी 'हे करू नकोस, ते उचलू नकोस' म्हणत होते, ते मला आठवलं. आई, त्या महिन्यातलं माझं बोलणं मला अजून खुपतं. तेव्हा सांगायचं राहून गेलं.

यापुढचं सांगत नाही. आणि बाबा, आईला शेवटचं पान आधी वाचून दाखवायचं नाही. ती मागेल. 'बाईचं नीट झालं ना, एवढंच सांगा' म्हणेल. सांगायचं नाही.

तिसरं पुस्तक इंग्रजीत आहे, 'ऑलिव्ह किटरिज', एलिझाबेथ स्ट्राउट यांचं. मी लहान असताना बाबा इंग्रजी पुस्तक समोर धरून मला गोष्ट मराठीत सांगायचे, आणि पुष्कळ वर्षं मला वाटायचं की पुस्तकातच तसं लिहिलेलं आहे. तसंच करायचं इथंही. तेरा कथा आहेत, प्रत्येक स्वतंत्र, पण सगळ्या मिळून एका बाईभोवती फिरतात. काहींत तर ती नुसती दारातून डोकावून जाते. २००९ चं पुलित्झर याला आहे.

ऑलिव्ह ही गणिताची निवृत्त शिक्षिका. अंगानं थोराड, बोलायला फटकळ, माफी मागणं तिला जमत नाही. तिच्या मुलाच्या लग्नाचा दिवस आहे. ऑलिव्हनं स्वतः शिवलेला झगा घातलाय, हिरव्या मलमलीचा, त्यावर मोठमोठी जिरेनियमची फुलं. तिला तो आवडलेला आहे. गर्दीला कंटाळून ती आतल्या खोलीत घटकाभर आडवी होते, आणि बाहेर नवी सून मैत्रिणीशी त्या झग्याबद्दल काय बोलते ते तिच्या कानांवर पडतं. तिच्या मुलाच्या बालपणाबद्दलही. ऑलिव्ह भांडत नाही. ती उठते, सुनेचं कपाट उघडते, एका स्वेटरच्या बाहीवर काळ्या मार्करनं रेघ ओढते आणि घडी घालून परत ठेवते. एक ब्रा आणि एकच बूट, जोडीतला एकच, आपल्या पर्समध्ये टाकते. का, तर या डॉक्टरीण मुलीला अधूनमधून स्वतःबद्दल शंका यावी.

हे वाचून मला ऑलिव्हचा राग यायला हवा होता. नाही आला. इतका अपमान गिळलेली बाई आणखी काय करणार, असं मनात आलं, आणि मग लक्षात आलं की आत्तापर्यंत मी अशा प्रसंगात नेहमी सुनेच्या बाजूनं वाचत आलेय. पहिल्यांदाच सासूच्या खोलीत बसले. लेखिका ऑलिव्हला सोडत नाही हं, तिच्या चुका एकेक करून पुढ्यात ठेवते. पण तिला एकटी टाकतही नाही.

बाबा, मराठीत सांगताना एक अडचण येईल. ऑलिव्हला 'ती' म्हणायचं की 'त्या'? सत्तरीची बाई, शिक्षिका, तिचे विद्यार्थी गावभर. इंग्रजीला हा प्रश्नच पडत नाही, आपल्याला पडतो. आणि नवऱ्याला, त्या भल्या हेन्रीला, ती 'अहो' म्हणेल का? माझं मत सांगते. ती 'ती'च, आणि हेन्रीला 'अरे'. 'अहो जाहो' केलं की ती लांब जाईल. तुम्हांला वेगळं वाटलं तर मला जरूर कळवा, मला त्यावर बोलायचंच आहे.

खोक्यात आणखी दोन-तीन आहेत, त्यांची नुसती ओळख करून देते. कविता महाजनांची 'ब्र' (२००५). प्रफुल्ला नावाची बाई आदिवासी भागातल्या बायका-सरपंचांना भेटत फिरते. ज्यांनी जन्मात तोंडातून ब्र काढला नाही त्यांना खुर्ची मिळाल्यावर काय होतं, ते यात आहे. बाबा, तुमची सगळी नोकरी कचेऱ्यांत गेली, फायली कुठं आणि कशा अडतात ते तुमच्याइतकं मलाही कळलं नाही. तुम्ही आईला समजावून सांगाल. कविताताई २०१८ मध्ये अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी गेल्या. त्यांचं पुढचं लिखाण वाचायला मिळायला हवं होतं, ही हळहळ माझी जात नाही.

'लेसन्स इन केमिस्ट्री' हलकी म्हणून घातलीय, पण पोकळ नाही. एलिझाबेथ झॉट ही रसायनशास्त्रज्ञ, तिला प्रयोगशाळेत टिकू देत नाहीत, म्हणून ती दूरदर्शनवर स्वयंपाक शिकवते आणि त्यातून बायकांना रसायनशास्त्रच शिकवते. तिचा कुत्रा शेकडो शब्द शिकतो, आणि त्याचं नाव 'साडेसहा'. आई, तो तुला फार आवडेल. लेखिका बॉनी गार्मस यांची ही पहिली छापलेली कादंबरी, २०२२ ची, साठी उलटल्यावरची. 'आता या वयात कुठं' म्हणत तू ती वही बंद करून ठेवलीस, ती मला आठवतेय. ती वही अजून आहे ना?

हान कांग यांची 'द व्हेजिटेरियन' मात्र मुद्दाम ठेवून घेतलीय. २०२४ चं नोबेल मिळालं त्याच त्या. पुस्तक थोर आहे. मांस खायचं सोडणाऱ्या एका बाईची गोष्ट, तीन भागांत. पण त्यात तिच्याबद्दल नवरा बोलतो, मेहुणा बोलतो, बहीण बोलते, तिला स्वतःला फार थोडं बोलू दिलं जातं, आणि ते वाचताना श्वास कोंडतो. डोळे बरे होत असताना ते नको. तुझा चष्मा आला की तू एकटीनं वाच, मी आणून देईन.

आणि सगळ्यांत खाली 'माय ब्रिलियंट फ्रेंड'. एलेना फेरांते हे टोपणनाव. बाईंनी स्वतः कधी पुढं येऊन चेहरा दाखवला नाही. चार कादंबऱ्यांची साखळी आहे, ही पहिली. सुरुवात एका फोननं होते. लीला नाहीशी झालीय. सहासष्ट वर्षांची बाई, कपडे-वस्तू काही मागे ठेवलं नाही, फोटोंमधूनसुद्धा स्वतःला कापून काढलंय. ते ऐकून तिची मैत्रीण एलेना लिहायला बसते, अगदी लहानपणापासूनचं सगळं.

लहानपणी लीला एलेनाची बाहुली तळघराच्या जाळीतून खाली टाकते. एलेना काय करते? रडत नाही, लीलाची बाहुली टाकते. बाहुल्या काही सापडत नाहीत. ज्या माणसाला सगळी वस्ती घाबरते त्याच्या दारात या दोघी हात धरून जाऊन उभ्या राहतात, बाहुल्या परत द्या म्हणतात. तो नव्या बाहुल्यांसाठी पैसे देतो. आणि त्या पैशांचं लीला एक पुस्तक आणते, 'लिटल विमेन'. ते पुस्तक दोघी अंगणात बसून इतक्यांदा वाचतात की पानं सुटतात. पुढं एलेनाला शाळा मिळते आणि लीलाला नाही, आणि दोघींतली खरी हुशार कोण हे दोघींनाही ठाऊक असतं.

आई, तुझी शाळेतली एक मैत्रीण होती. तिच्याबद्दल तू नेहमी अर्धं वाक्य बोलतेस आणि विषय बदलतेस. "वर्गात पहिली यायची, मग तिचं शिक्षण..." एवढंच. मी कधी पुढचं विचारलं नाही, कारण तुझ्या चेहऱ्यावरून कळायचं की विचारू नये. हे पुस्तक वाचल्यापासून ते अर्धं वाक्य मला सारखं आठवतं. तुला सांगावंसं वाटलं तर मला सांग. मला नाही तर बाबांना सांग.

बाबा, या पुस्तकात एलेना 'मी' म्हणून बोलते. सुरुवातीला तुम्हांला अवघड जाईल, बाईच्या तोंडचं 'मी गेले, मी म्हणाले' आपल्या आवाजात म्हणायला. दोन पानं जातील, फार तर तीन.

रविवारी सकाळी फोन करेन. तेव्हा वाचन चालू असेल तर थांबवू नका, फोन नुसता उचलून बाजूला ठेवा.

तुमची लेक